वाळकेश्वर : वाळूचे लिंग आणि रामा कामती यांचे स्मरण

मुंबईसारख्या महानगरीत देवालये उणी नाहीत. गिरगावापासून दादरपर्यंत आणि भुलेश्वरापासून माहीमपर्यंत गल्लोगल्ली घंटानाद ऐकू येतो. परंतु ज्या स्थळी आख्यायिका, शिलाहारकालीन परंपरा, पोर्तुगीज अंमलाचा आघात आणि इंग्रजी व्यापारशाहीचा कारभार, हे सर्व थर एकावर एक रचलेले सापडतात, अशी स्थळे थोडीच. वाळकेश्वर हे त्यांपैकी एक होय. आमच्या ज्ञातीच्या इतिहासाशी या देवालयाचा जो विशेष संबंध आहे, त्याचे विवेचन या स्मरणिकेच्या निमित्ताने ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते. आमच्यापैकी बहुतेकांनी हे देऊळ पाहिले आहे. अनेकांनी तेथे पितृकार्ये केली आहेत. तथापि ज्या पुरुषाने हे देऊळ पुन्हा उभे केले, त्याची कहाणी मात्र फार थोड्या घरांतून सांगितली जाते.

प्रथम स्थलवर्णन. चौपाटीचा गजबजलेला रस्ता सोडून वाळकेश्वर मार्गाने चढण चढू लागले, की एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस श्रीमंतांची उंच निवासस्थाने दिसू लागतात. तीन बत्तीपाशी वाहनांचा कोलाहल शिगेस पोहोचतो. तेथून पुढे जाऊन एका अरुंद वाटेने पायऱ्या उतरावयास लागले, की काही पावलांतच निराळ्या युगात आल्याचा भास होतो. खाली बाणगंगेचे विस्तीर्ण तळे, त्याच्या चहूबाजूंस दगडी पायऱ्या, मुखाशी दीपमाळा, पाण्यावर संथपणे पोहणारी बदके आणि सभोवार लहानमोठी देवळे, मठ, धर्मशाळा व जुनी घरे. समुद्र इतका निकट असूनही तळ्यातील झऱ्याचे पाणी गोडे आहे, हे या स्थळाचे पहिले आश्चर्य. खारट लाटांच्या शेजारी गोड्या पाण्याचा झरा आढळला, की आपल्या पूर्वजांना तेथे देवत्वाची खूण दिसत असे. त्यात नवल ते कोणते?

या स्थळाच्या इतिहासाचे आम्ही तीन भाग मानतो : आख्यायिकेचा, परंपरेचा आणि कागदोपत्री पुराव्याचा. या तिन्हींची सरमिसळ न करता प्रत्येकास त्याच्या जागी ठेवणे, हेच इतिहासप्रेमी मनुष्याचे कर्तव्य होय.

आख्यायिका सर्वश्रुत आहे. सीतेच्या शोधार्थ दक्षिणेकडे निघालेले प्रभू रामचंद्र येथे मुक्कामास राहिले. लक्ष्मण नित्य काशीहून शिवलिंग आणीत असे. एके दिवशी त्यास विलंब झाला, तेव्हा पूजेचा नेम चुकू नये म्हणून रामचंद्रांनी समुद्रकाठच्या वाळूचेच लिंग केले. वालुकेचा ईश्वर तो वालुकेश्वर. त्याचेच लोकांच्या तोंडी वाळकेश्वर झाले. तहान लागली असता रामाने बाण मारून भूमीतून गंगा प्रकट केली, ती बाणगंगा. तळ्याच्या मध्यभागी उभी असलेली काठी त्या बाणाची जागा दाखविते, असे भाविक मानतात. या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. परके लोक या किनाऱ्यावर उतरले, त्यांचे दर्शन होताच वाळूच्या लिंगाने समुद्रात उडी घेतली, असे जुने लोक सांगत. आम्हांस ही कथा मोठी मार्मिक वाटते. ज्या काळी देऊळ पाडले गेले आणि तक्रार ऐकून घेणारी कोणतीही कचेरी उरली नाही, त्या काळी लोकमनाने आपला इतिहास अशा शब्दांत जपून ठेविला. देवाचा पराभव झाला असे म्हणावयास लोकांचे मन धजेना. म्हणून देव आपण होऊन समुद्रात गेला, असे त्यांनी म्हटले.

आता परंपरा. उत्तर कोकणात शिलाहार राजांचे राज्य असताना, त्यांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू नावाच्या अमात्याने इ. स. ११२७ मध्ये येथे तळे बांधविले व देवालय उभारले, असे परंपरेने मानले जाते. शिलाहार हे शिवभक्त होते. अंबरनाथचे शिवमंदिर त्यांच्याच काळातील, इ. स. १०६० चे. तेव्हा त्याच कुळाच्या राजवटीत मुंबई बेटाच्या या टोकास शिवालय उभे राहिले असणे अगदी सुसंगत दिसते. त्याच टोकाशी खडकात एक अरुंद भेग होती. तिला श्रीगुंडी म्हणत. तिच्यातून पार निघाले असता पापाचा क्षय होतो, अशी श्रद्धा होती. शिवाजी महाराज आणि पुढे कान्होजी आंग्रे हे गुप्तपणे येऊन या भेगेतून पार झाले, तसेच मुंबईत आश्रयास असताना रघुनाथराव पेशव्यांनीही तसे केले, असे जुन्या इंग्रज लेखकांनी ऐकीव म्हणून नमूद केले आहे. कान्होजींचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि त्याबरोबर मुंबईची बेटेही गेली. पोर्तुगीजांच्या अमदानीतच वाळकेश्वरचे मूळ देवालय नष्ट झाले. आमच्या ज्ञातीस या कालखंडाची आठवण निराळी करून देण्याची आवश्यकता नाही. गोमंतकात इ. स. १५६० मध्ये धर्मन्यायासन स्थापन झाले, त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश रातोरात नदीपार नेऊन प्रियोळास ठेवावा लागला, शांतादुर्गेने केळशी सोडून कवळ्यास ठाणे केले आणि घरेदारे टाकून आमची कुटुंबे चारी दिशांस पांगली. कोणी कारवार-कुमठ्याकडे, कोणी मंगळूर-कोचीपर्यंत, कोणी उत्तरेस कोकणात. देव पालखीत आणि चोपड्या बासनात, असा तो प्रवास होता.

इ. स. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६५ मध्ये तिचा प्रत्यक्ष ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये वर्षाकाठी अवघ्या दहा पौंडांच्या खंडाने ती ईस्ट इंडिया कंपनीस देण्यात आली. पुढे जेराल्ड आँजियर या गव्हर्नराने हे ओसाड बेट वसविण्याचे मनावर घेतले. व्यापारी यावेत म्हणून त्याने धर्मस्वातंत्र्याची हमी दिली आणि ज्ञातींच्या पंचायतींस त्यांचे अंतर्गत व्यवहार पाहण्यास मुभा दिली. यामागे औदार्यापेक्षा व्यापारी हिशेब अधिक होता, हे उघड आहे. तथापि परिणाम व्हावयाचा तो झालाच. खाडीपलीकडे साष्टीत पोर्तुगीजांचा अंमल असता जे उघडपणे करता येत नव्हते, ते मुंबई बेटावर करता येऊ लागले. वाळकेश्वरच्या पुनरुद्धाराचे मर्म येथे आहे. वसई चिमाजी अप्पांनी जिंकली ती इ. स. १७३९ मध्ये, त्याच्या चोवीस वर्षे आधीच, म्हणजे इ. स. १७१५ मध्ये, वाळकेश्वरचे देऊळ पुन्हा उभे राहिले होते. ते उभे करणारे गृहस्थ म्हणजे रामा कामती.

रामा कामती हे शेणवी ज्ञातीचे, मुंबईतील एक धनाढ्य व्यापारी. परंतु केवळ व्यापारी एवढीच त्यांची ओळख नव्हती. कंपनीच्या पदरी असलेल्या भंडारी व इतर देशी शिपायांच्या पलटणीचे ते पुढारी होते आणि कंपनीच्या चाकरीत त्यांनी दीर्घ काळ घालविला होता. त्या काळची मुंबई म्हणजे एक दुर्बल ठाणे. समोर जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेस कुलाब्याचे आंग्रे, उत्तरेस पोर्तुगीज आणि घाटावर मराठ्यांचे वाढते बळ. अशा ठिकाणी गोऱ्या शिपायांची संख्या ती किती असणार? बेटाचे रक्षण ज्यांच्या बाहुबलावर चालले होते, त्यांत भंडारी, कोळी आदी येथील मूळ रहिवाशांचा वाटा मोठा होता आणि त्यांच्या नेतृत्वाची जबाबदारी रामा कामतींसारख्यांवर होती. म्हणून वाळकेश्वरच्या जीर्णोद्धाराचे श्रेय ज्ञातीने अभिमानाने घ्यावे. परंतु ज्यांच्या बळावर ही नगरी निर्भय राहिली, त्या इतर समाजांचे ऋणही त्याच तोंडाने मान्य करावे.

त्या वेळच्या मुंबईचे एक चित्र फार बोलके आहे. १७१५ मध्येच, कोटाच्या आत अनेक वर्षे अपुऱ्या पडलेल्या इंग्रजांच्या प्रार्थनामंदिराचे काम रिचर्ड कॉब या पाद्र्याने पुन्हा हाती घेतले. आज सेंट थॉमस कॅथीड्रल म्हणून ओळखतात ते हेच. म्हणजे बेटाच्या एका टोकास पाडलेले शिवालय उठत होते आणि दुसऱ्या टोकास इंग्रजांचे देवघर उभे राहत होते. ते इ. स. १७१८ च्या नाताळच्या दिवशी गव्हर्नर चार्ल्स बून याच्या उपस्थितीत उघडण्यात आले. त्या प्रसंगी रामा कामती आपल्या ज्ञातिबांधवांसह तेथे गेले होते आणि उपासनेतील शिस्त पाहून ती मंडळी प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभी राहिली, असे कॉब याने लिहून ठेविले आहे. स्वतःचा धर्म न सोडता दुसऱ्याच्या धर्माचा मान राखण्याची ही रीत होय. पाडलेल्या देवळांची आठवण ज्या घरांत ताजी होती, त्या घरांतील माणसे परधर्मीयांच्या मंदिराबाहेर आदराने उभी राहतात, हे दृश्य आमच्या पूर्वजांच्या मनाची उंची दाखविते.

परंतु हा सन्मान फार काळ टिकावयाचा नव्हता. त्या नाताळापूर्वी काही आठवड्यांचीच गोष्ट. नोव्हेंबर १७१८ मध्ये बून याने कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यातील खांदेरी बेटावर आरमारी स्वारी केली. मुंबईच्या तोंडाशी असलेले हे बेट इंग्रजांच्या डोळ्यांत सलत होते. या मोहिमेत देशी शिपायांचे आधिपत्य रामा कामतींकडे होते. मोहीम पुरती फसली. आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा, खडकाळ किनारा आणि इंग्रजांच्या तयारीतील उणिवा ही अपयशाची खरी कारणे; पण ती मान्य करणे सत्ताधाऱ्यांस जड जाते. दोष ठेवावयास कोणीतरी घरचाच माणूस लागतो. आतून कोणी फितूर झाल्यावाचून असे होणार नाही, अशी कुजबूज सुरू झाली आणि संशयाची सुई रामा कामतींकडे वळली.

इ. स. १७२० मध्ये त्यांना अटक करून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालविण्यात आला. कान्होजींशी गुप्त पत्रव्यवहार केला, हा मुख्य आरोप. पुरावा म्हणून त्यांच्या मुद्रेचे एक पत्र पुढे करण्यात आले. ऐकीव जबान्या घेण्यात आल्या. त्यांच्या एका कारकुनास अंगठ्यांना लोखंडी यंत्र आवळून वेदना देण्यात आल्या आणि त्या वेदनांच्या भरात त्याच्याकडून हवा तो कबुलीजबाब मिळविण्यात आला. ही गोष्ट कोणा देशी बखरकाराने रचलेली नव्हे. ती कंपनीच्याच दप्तरात नोंदलेली आहे. ज्यांनी आरोप ठेविला, न्यायासनावर प्रभाव त्यांचाच. आरोपी दोषी ठरला. जन्मभर कैद आणि सर्व मालमत्ता जप्त, अशी शिक्षा झाली. दीर्घ चाकरी, बेटाचे रक्षण, नाताळच्या दिवशीचा तो सन्मान, यांपैकी काहीही त्यांच्या कामी आले नाही. आठ वर्षे बंदिवास भोगून इ. स. १७२८ मध्ये त्यांनी कैदेतच देह ठेविला. पुढल्याच वर्षी, १७२९ मध्ये, कान्होजीही निवर्तले.

ते पत्र बनावट होते आणि त्यावरील मुद्राही खोटी होती, ही गोष्ट पुढे उघड झाली. जुनी दप्तरे चाळणाऱ्या इंग्रज लेखकांनीच ती मान्य केली. पण तोवर निरपराध मनुष्य मातीस मिळाला होता.

येथे एका मोहापासून सावध राहावे, असे आम्हांस नम्रपणे सुचवावयाचे आहे. रामा कामती हे मनातून कान्होजींच्या पक्षाचे होते, त्यांनी स्वराज्यासाठी गुप्तपणे मदत केली आणि म्हणून ते हुतात्मा ठरले, असे बोलण्याकडे आपल्यापैकी काहींचा कल असतो. कान्होजींच्या पराक्रमाविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे आणि अशी कहाणी ऐकावयास गोडही वाटते. परंतु तिचा अर्थ काय होतो, याचा विचार व्हावा. ती खरी मानली तर बनावट पत्र खरे ठरते, छळ करून मिळविलेली जबानी खरी ठरते आणि ज्यांनी अन्याय केला त्यांचा निर्णय योग्य ठरतो. ज्या आरोपाने एका वृद्ध, एकनिष्ठ माणसाचा घात केला, तोच आरोप आपण त्याच्या गळ्यात हार म्हणून घालावयाचा काय? रामा कामती यांनी ज्याचे मीठ खाल्ले त्याची चाकरी प्रामाणिकपणे केली. त्या काळी राष्ट्र ही कल्पना आजच्या अर्थाने रूढ नव्हती. स्वामिनिष्ठा आणि दिलेला शब्द हीच माणसाच्या चारित्र्याची कसोटी होती. त्या कसोटीस ते उतरले आणि तरीही बुडाले. त्यांची खरी थोरवी हीच आणि खरे दुःखही हेच. आपल्या पूर्वजास आपल्या सोयीचा करून घेण्यापेक्षा तो होता तसा स्मरणात ठेवणे, यातच त्याचा खरा सन्मान आहे.

या कहाणीतून आणखीही एक बोध निघतो. संपत्ती जप्त झाली, वाडा गेला, पदवी गेली, चाकरीची किंमत शून्य झाली. राहिले ते काय? स्वतःसाठी जे ठेविले ते परक्याच्या हुकुमाने एका दिवसात गेले. सर्वांसाठी म्हणून जे बांधिले ते तेवढे राहिले. रामा कामतींनी बांधलेले देऊळ कोणास जप्त करता आले नाही, कारण ते त्यांचे उरलेच नव्हते.

आजची देवालयाची इमारत मात्र १७१५ ची नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. वारंवार जीर्णोद्धार होत गेले आणि सध्याचे रूप विसाव्या शतकातील आहे. तेव्हा जुन्या कोरीव कामाच्या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल. येथील प्राचीनत्व भिंतींत नाही. ते जागेत आहे, पाण्यात आहे आणि अखंड चालत आलेल्या पूजेत आहे. तळ्याच्या परिसरात कवळे मठ आणि काशी मठ या आपल्या दोन्ही गुरुपरंपरांची स्थाने आहेत. काशी मठाच्या परंपरेतील श्रीमाधवेंद्र तीर्थ स्वामींचे वृंदावनही येथेच आहे. स्मार्त आणि वैष्णव हा भेद ज्ञातीत कितीही जुना असला, तरी बाणगंगेच्या काठी दोन्ही मठ एकाच पाण्याने आचमन करतात. जवळच व्यंकटेश, परशुराम, जबरेश्वर आदींची देवळे आहेत. सर्वपित्री अमावास्येस येथे तर्पणासाठी जमणाऱ्या गर्दीत सर्व जातींची माणसे असतात. कार्तिकी पौर्णिमेस पायऱ्यांवर दिवे लागतात, तेव्हा महानगरीचे उंच मनोरे क्षणभर मागे सरतात.

हे देवालय व तळे आपल्या ज्ञातीच्या देवस्थान-न्यासाकडे असून, तळे संरक्षित वारसा म्हणून मान्य झाले आहे. तथापि संरक्षण कागदावर असते. धोका प्रत्यक्षात असतो. इ. स. २०२४ च्या जून महिन्यात गाळ काढण्याच्या कामासाठी एका कंत्राटदाराने अवजड यंत्र तळ्यात उतरविले आणि त्यात शतकानुशतके टिकलेल्या दगडी पायऱ्यांची मोडतोड झाली. वृत्तपत्रांतून ओरड झाली, पोलिसांत तक्रार झाली, दुरुस्तीचे काम करण्यात आले. ती ओरड कोणी केली? तेथे राहणाऱ्या, रोज त्या पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या सामान्य माणसांनी. पोर्तुगीजांनी देऊळ पाडले ते द्वेषाने. आपल्या काळात जे पडते ते दुर्लक्षाने. द्वेषाचा प्रतिकार करावयास रामा कामतींसारखा धनवान पुरुष लागतो. दुर्लक्षाचा प्रतिकार करावयास फक्त डोळे उघडे असलेली माणसे पुरतात.

म्हणून ज्ञातीतील कुटुंबांस आमची एवढीच विनंती आहे. वर्षातून एकदा तरी मुलाबाळांस घेऊन वाळकेश्वरास जावे. केवळ दर्शन घेऊन परतू नये. तळ्याच्या पायरीवर घटकाभर बसून त्यांना वाळूच्या लिंगाची कथा सांगावी, लक्ष्मण प्रभूंची परंपरा सांगावी आणि रामा कामतींचा इतिहासही सांगावा. मात्र कथा ती कथा, परंपरा ती परंपरा आणि इतिहास तो इतिहास, हा विवेकही त्याबरोबरच शिकवावा. ज्यांच्या घरी जुन्या चोपड्या, पत्रे, खतपत्रे अद्याप बासनात बांधलेली असतील, त्यांनी ती वाळवीच्या स्वाधीन न करता जाणत्यांस दाखवावीत. एका बनावट कागदाने आपल्या एका पूर्वजाचे आयुष्य बुडविले. दप्तरातील अस्सल कागदांनी त्यास पुढे निर्दोष ठरविले. कागदाचे मोल याहून अधिक ते काय सांगावे?

गाभाऱ्यात हात जोडताना आपण आपल्या कुळातील पितरांचे स्मरण करतोच. त्यांत एका नावाची भर घालावी. ज्याच्या नावाने तर्पण करणारे वंशज आज कोठे आहेत हे कोणी सांगू शकत नाही, त्यास तिलांजली देण्याचा अधिकार सर्व ज्ञातीचा आहे. बाणगंगेचे पाणी त्यासाठी पुरेसे आहे.